लाल रंगाचे डोंबिवलीकर वकील

फ्रान्सच्या लाल रंगाचा अपमान झाला तर एखादा फ्रेंच माणूस चिडणार नाही इतके आमच्या हिचे मामा डोंबिवलीत बसून चिडतात, आणि तेही उभ्या जन्मात पुण्यापलीकडे न जाता. घोडबंदर रोडच्या टॉवरांतल्या मुलांना ते फ्रेंच शिकवतात. मुलांना फ्रेंच हवं असतं मार्कांसाठी, आणि मामांसमोर मार्कांचं नाव काढायची सोय नाही. आमच्या रिसेप्शनला माझी मावसबहीण लाल टाचांचे सँडल घालून आली, तर स्टेजवरच तिला म्हणाले, "राजाची परवानगी काढलीस का?" मग फोटोवाला ताटकळत असताना, फ्रेंच दरबारात लाल टाचा फक्त राजाच्या मर्जीतल्या सरदारांनाच कशा मिळायच्या, हे साग्रसंगीत ऐकवलं. ती अजून माझ्याशी धड बोलत नाही. एकदा मी लाल पँट घालून गेलो, तर दारातच अडवलं. "असल्या पँटी घालून त्यांचे सैनिक पहिल्या महायुद्धात उतरले आणि लांबूनच टिपले गेले. मंत्र्यांना रंग सोडवेना, पण मेली कोणाची पोरं?" आवाज असा की ती पँट जणू मीच शिवली होती. वाइनचा थेंब कधी चाखलेला नाही, पण लाल वाइन गार करून पिणाऱ्याला रानटी म्हणतात आणि स्वतः कोकम सरबत वाइनच्या उंच दांड्याच्या ग्लासातून पितात.

गेल्या जुलैत मात्र कहर झाला. फ्रेंच क्रांतीवर मुलांचं नाटक बसवलं होतं, एका कॉम्प्लेक्सच्या क्लबहाउसमध्ये. "फ्रान्स काही मला दिसायचं नाही, निदान हे एकदा नीट होऊ दे," असं मामा मला म्हणाले होते. पालकांना निरोप गेला की लाल टोपी आणा. रंगीत तालमीला झाडून सगळी मुलं नाताळच्या टोप्या घालून आली, पांढऱ्या गोंड्यांसकट. मामा कडाडले. "राजाच्या डोक्यावर लोकांनी चढवली ती टोपी ही? ही घालून राजाकडे चॉकलेट मागणार का?"

एक आई समजुतीनं म्हणाली, "सर, रेडच आहे ना? गोंडा कट करते मी, चालून जाईल."

मामांनी तिथल्या तिथे नाटक रद्द केलं आणि ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या बसमधून मला फोन करून तासभर झापलं. मलाही राग आला. पोरांचा काय दोष? सकाळी तेच सांगायला डोंबिवलीला गेलो, तर मामी शिलाई मशीनवर बसलेल्या, आणि त्यांच्या लग्नातला लाल शालू निम्मा कापून झालेला. पुढ्यात टोप्या, अगदी क्रांतीच्या चित्रातल्यासारख्या, टोक पुढे झुकलेल्या.

"शालू कापलास?" मामा कसेबसे म्हणाले.

"मग काय करू? जन्मभर लाल लाल ऐकतेय तुमचं. हा शालू लग्नानंतर कपाटातच होता. एकदा तरी म्हणालात, नेस म्हणून?"

मामांनी खाली पडलेले शालूचे तुकडे गोळा करायला घेतले. खरं सांगायचं तर बरोबर आणलेला राग कुठे ठेवावा ते मला कळेना.

नाटक झालं. मुलं त्या टोप्या घालूनच घरी गेली, आणि खडूचा तुकडासुद्धा परत मागणाऱ्या मामांनी एकही टोपी परत मागितली नाही. एक तेवढी उरली. दिवाळीआधी मामांनी मामींना साडी घ्यायला नेलं, मला पिशव्या धरायला. दुकानात खिशातून ती टोपी काढून प्रत्येक लाल साडीला लावून बघत होते. "हा विटेचा रंग आहे. हा टोमॅटोचा. लोकांना लाल म्हणजे काय हेच माहीत नाही." दुकानदार घामाघूम झाला.

"अहो, पुरे आता," मामी म्हणाल्या. "मला निळीपण चालेल."

"थांब. ही जरा खांद्यावर घे."

मामींनी पांढऱ्या केसांवरून हात फिरवला आणि पदर घेतला. मामा टोपी हातात धरून बघत राहिले. त्या दिवशी घरी पोचेपर्यंत फ्रान्सचं नाव निघालं नाही.