नजरेचा धागा

शहापूरजवळच्या कंपनीत आम्ही चौघं इंटर्न होतो. कामाबाहेर हौसेनं एक रॉकेट बनवत होतो; सामान कंपनीचं, वेळ मात्र आमचा. म्हणजे रविवार गेले खड्ड्यात! पहिल्या दिवशी मी यावरून बोंब मारली आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी हजर झालो. करता काय, नादच तसा.

आमच्यात आंबागडची एक पोरगी होती. छत्री तिच्याकडे. छत्री म्हणजे वर गेल्यावर रॉकेटचं टोक सुटून बाहेर पडणारं पॅराशूट. कापड तिनंच बेतलं, तिनंच शिवलं. घड्या घालघालून ती एवढी पक्की झाली होती की आम्ही तिला लॉन्ड्रीवाली म्हणून चिडवायचो. ती हसायची नाही. छत्री नीट उघडली तर तुला कायम करायचं बघतो, असं कंपनीचे साहेब बोलून बसले होते. आणि घरी गेली की बाबा विचारायचे, फुकटात कायले राबून राहिली? त्यांना एकदा दाखवायचंच, असं तिनं मनाशी धरलं होतं.

धान कापल्यावर सिहोऱ्याकडच्या एका मोकळ्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, रॉकेट उभं केलं. बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले, रॉकेटभोवती कौतुकानं फिरले. आम्ही नारळ फोडला, लांब सरकलो, बटण दाबलं. काय गेलं बाप्पा वर! पण टोक काही सुटलं नाही. रॉकेट तसंच खाली आलं आणि बांधीच्या ओल्या मातीत रुतलं.

ती धावली, मागून मी. टोकाच्या जोडावर काळा धागा करकचून आवळला होता. नजर लागू नये म्हणून बांधतात तो. नारळाच्या गडबडीत कोणाचं लक्ष गेलं नसावं. कोणी बांधला ते विचारायची गरज नव्हती. बाबांनी बांधलेला तसाच धागा तिच्या मनगटावर होता, तशाच गाठीचा.

तिनं तो दातानं तोडला आणि मुठीत घेतला. तोवर साहेब पोचले.

"घडी चुकली, सर. माझीच."

मी तोंड उघडणार तोच तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प. साहेब मान हलवून गाडीकडे वळले. मला भयंकर राग आला, कोणावर ते कळेना.

बाबा धापा टाकत आले. रुतलेलं रॉकेट पाहिलं, लेकीच्या पाठीवर हात ठेवला.

"पाह्य पोरी, मी धागा बांधला म्हनून कोनाच्या डोस्क्यावर नाई पडला."

तिची मूठ तशीच आवळलेली होती.

"हो, बाबा," ती म्हणाली.