टाकीवाले नसीरभाई

नसीरभाईंची आणि माझी ओळख झाली ती माझ्या अतिशहाणपणामुळे. लातूरच्या एका कोचिंग क्लासच्या व्हिडिओ विभागात मी एडिटरांचा प्रमुख म्हणून नुकताच रुजू झालो होतो. सरांची लेक्चर्स चित्रित करायची, कापून-जोडून नेटकी करायची आणि मुलांपर्यंत पोचवायची, हे आमचं काम. मी मूळचा अहमदपूरचा, पण दोन वर्षं पुण्यात काढून आलेलो, त्यामुळे इथलं सगळंच मला गबाळं दिसत होतं. पहिल्याच दिवशी सर्व्हरवरच्या सात-आठ फोल्डरना मी झकास इंग्रजी नावं देऊन टाकली. पाच मिनिटांत तिन्ही एडिटरांच्या स्क्रीन लाल झाल्या. चालू कामातला एकही व्हिडिओ सापडेना. फाईल कुठे आहे आणि तिचं नाव काय, एवढंच एडिटिंगच्या प्रोजेक्टला ठाऊक असतं. तुम्ही नाव बदललंत की त्याच्या लेखी ती मेली.

कोपऱ्यातल्या काचेच्या खोलीतून एक उंच, किडकिडीत गृहस्थ बाहेर आले. मेंदी लावलेली दाढी, पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि शांतपणे विचारलं, "बारसं कुनी केलं?"

मी हात वर केला.

"बेटा, लेकराचं बारसं एकदाच असतंय. शाळंत घातल्यावर नाव बदललं तर हजेरीला ‘हाजर’ कोन म्हनंल?" एवढं बोलून ते आत गेले, एक जाडजूड रजिस्टर घेऊन आले आणि अर्ध्या तासात सगळी जुनी नावं जागच्या जागी बसवली. क्लासच्या मालकांपर्यंत, म्हणजे साहेबांपर्यंत, काही गेलं नाही. मला वाटलं होतं, म्हातारा चहाडी करणार. त्यांच्याबद्दल मी केलेला तो पहिला चुकीचा अंदाज.

सगळ्यांच्या कॉम्प्युटरना जोडलेलं जे सामाईक स्टोरेज होतं, त्याला आमच्याकडे ‘टाकी’ म्हणत. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात दुसरं काय म्हणणार? सकाळी आल्याआल्या नसीरभाई टाकी किती भरली ते बघत आणि फळ्यावर आकडा लिहीत. ऐंशी टक्क्यांच्या वर गेला की त्यांचा चेहरा उतरायचा. "टाकी काठोकाठ भरली की पानी बी सडतंय आन् काम बी," म्हणायचे. कोणत्या एडिटरनं कुठे काय ठेवायचं, हे त्यांनी ठरवून दिलेलं होतं. कॅमेऱ्यातून आलेलं मूळ चित्रीकरण एका जागी, त्याला कुणी हात लावायचा नाही. एडिटिंग अडखळू नये म्हणून त्याच्याच हलक्या, बारीक प्रती काढलेल्या असत, त्या दुसऱ्या जागी. पुसायचा अधिकार साऱ्या विभागात एकट्या नसीरभाईंना होता.

आणि ते काहीही पुसण्याआधी तीन ठिकाणी बघत. कॅमेऱ्याचं कार्ड टाकीत उतरवलं की प्रत्येक फाईल सुरुवातीला, मधे आणि शेवटी लावून बघायची, मगच कार्ड कोरं करायचं. दिवसाला वीस-वीस कार्डं यायची. आम्ही चेष्टा करायचो, "भाई, नाडी बघताय का?" ते हसायचे. एकदा मी खोदून विचारलं, तेव्हा दुपारच्या चहाला त्यांनी सांगितलं.

भूकंपाच्या आधी ते लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट काढत. गिऱ्हाइकाला एक प्रत द्यायची आणि मूळ कॅसेट वर्षभरानं पुढच्या लग्नाला वापरायची, हा तेव्हाचा सर्रास रिवाज. किल्लारीकडच्या एका गावातलं लग्न त्यांनी असंच काढलं होतं. भूकंपात ती नवरी गेली, घर गेलं, घरातली कॅसेट मातीत गेली. पंधरवड्यानं नवरा लातूरला दुकानात आला. म्हणाला, तुमच्याकडची मूळ कॅसेट द्या.

"मी तिच्यावर उदगीरचं लग्न भरलं होतं," नसीरभाई म्हणाले. "त्याला तसंच सांगितलं. तरी त्यो म्हनला, लावा. लावली. आख्खं उदगीरचं लग्न बघितलं त्यानं. शेवटाला, दुसरं लग्न थोडं लहान पडलं होतं ना, तर पहिल्याचं अर्धं मिनिट राहिलेलं. पाठवनीचं. बाई जीपमधी चढून राहिली, कॅमेऱ्याकडं पाठ करून. तेवढं त्यानं धा-बारा वेळा लावायला लावलं. मग मला विचारलं, तोंड न्हाई का दिसत कुठंच?"

चहा तसाच निवला होता. "तवापासून बेटा, तीन ठिकानी बघितल्याबिगर माझा हात उठत न्हाई."

हे मला माहीत होतं. पुढे जे झालं ते हे सगळं माहीत असताना झालं, म्हणून आधी सांगितलं.

आमच्या क्लासमध्ये जीवशास्त्राचे बिराजदार सर होते. कपाळावर भस्माचे पट्टे, हातात चार रंगांचे खडू. हृदयाची आकृती ते पाठमोरे न होता, मुलांकडे बघत काढत आणि एक रेघ इकडची तिकडे होत नसे. निलंग्यापासून नांदेडपर्यंतची पोरं त्या आकृत्यांसाठी यायची. त्यांची वर्षभराची लेक्चर्स आम्ही चित्रित केली आणि त्यानंतर दोनच महिन्यांत सरांना अर्धांगवायू झाला. उजवा हात गेला. त्या हाताचं जे काही उरलं होतं, ते आमच्या टाकीत होतं. त्याची दुसरी प्रत कपाटातल्या हार्ड डिस्कवर असायची, पण नांदेडची शाखा उघडताना साहेबांनी त्या डिस्क ‘तात्पुरत्या’ म्हणून नेल्या आणि तिथे त्या कोऱ्या करून वापरल्या गेल्या. नसीरभाईंनी नव्या डिस्कसाठी तीनदा अर्ज दिला होता. रजिस्टरमध्ये लाल शाईनं लिहिलं होतं, ‘बिराजदार सर मूळ. दुसरी प्रत नाही. हात लावू नये.’

त्याच सुमारास नसीरभाई भाचीच्या लग्नाला तीन दिवस निलंग्याला गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला पासवर्ड दुसऱ्याला दिला. मला. कागदावर लिहून, घडी घालून. "वापरू नको. पन असावा जवळ."

दुसऱ्या दिवशी टाकी पंच्याण्णववर गेली. तिन्ही एडिटरांची कामं अडखळायला लागली, नवीन चित्रीकरण उतरवायला जागा उरली नाही आणि साहेबांचे दर तासाला फोन. नसीरभाईंना एक फोन केला असता तर भागलं असतं. पण मला वाटलं, तो म्हातारा माणूस नसला की हा विभाग बंद पडतो काय? मी प्रमुख कशाला आहे? त्यांच्या नावानं आत शिरलो. बिराजदार सरांचे दोन फोल्डर दिसले. तीच नावं, तेवढ्याच फाईली. एक डोंगराएवढा, एक लहान. एक फाईल उघडून सुरुवात बघितली, सर आले, नमस्कार म्हणाले. दुसऱ्यातलीही तशीच. कॉम्प्युटरच्या छोट्या चौकटीत दोन्ही सारख्याच दिसल्या. मी मनात म्हटलं, एकच गोष्ट दोनदा ठेवलीय आणि वर शिस्तीच्या गोष्टी सांगतात! मोठा फोल्डर पुसला. टाकी एकसष्टवर आली. एडिटरांनी टाळ्या वाजवल्या आणि मी त्या घेतल्या.

रजिस्टर माझ्या कोपरापाशी होतं. मी ते उघडलं नाही.

नसीरभाई परत आले तेव्हा फळ्यावरचा आकडा बघून म्हणाले, "काय काय काढलं?" मी म्हणालो, "किरकोळ. दोनदोनदा होतं ते." त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मीही स्वतःवर ठेवला होता, हे त्यातल्या त्यात खरं.

दीड महिन्यानं सरांची लेक्चर्स मोठ्या पडद्यासाठी तयार करायला घेतली आणि उरलेल्या हलक्या प्रती मोठ्या करून बघितल्या. सरांचा आवाज खणखणीत. फळ्यावर मात्र नुसते रंगाचे डाग. हृदयाच्या झडपा कुठल्या आणि रक्तवाहिन्या कुठल्या, ओळखू येत नव्हतं. पुसलेलं परत काढता येतं का, ते बघायला माणूस आणला. तो म्हणाला, त्या जागेवर केव्हाच नवीन भरलंय.

मी पुसलेला मोठा फोल्डर म्हणजे मूळ चित्रीकरण होतं, हे मला कळलं ते तेव्हा. साहेबांनी आम्हा सगळ्यांना काचेच्या खोलीत बोलावलं. सर्व्हरच्या नोंदीचा कागद त्यांच्या हातात होता.

"नसीरभाई, हे तुमच्या नावानं पुसलं गेलंय."

नसीरभाईंनी कागद घेतला, चष्मा वर करून तारीख बघितली. त्या दिवशी ते निलंग्याला वऱ्हाड्यांना जेवायला वाढत होते, हे मला ठाऊक होतं, तिन्ही एडिटरांनाही ठाऊक होतं. मी एडिटरांचा प्रमुख होतो, म्हणून ते तिघं खाली बघत राहिले. नसीरभाईंनी माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. वर्गात मास्तर एखाद्या पोराला उत्तर येतं हे माहीत असताना जसं थांबतात, तसे ते थांबले. किती वेळ थांबले सांगता येत नाही, पण तोंड उघडायला तो पुरेसा होता. माझं लग्न ठरलं होतं. ही नोकरी सांगून ठरलं होतं. अशी कारणं मी नंतर स्वतःला पुष्कळ दिली. त्या वेळी मनात एकच होतं, की भाई काहीतरी बोलतील आणि मी वाचेन.

ते बोलले. "टाकी माझ्या हवाली होती साहेब. चावी बी माझी. चूक माझ्याकडनंच झाली."

"तुमच्यासारख्या माणसाकडून हे अपेक्षित नव्हतं," साहेब म्हणाले.

"हाव," नसीरभाई म्हणाले. "मला बी नव्हतं."

त्यांना खालच्या मजल्यावर नोट्सच्या झेरॉक्स विभागात बसवलं. टाकीची चावी माझ्याकडे आली. रजिस्टर द्यायला ते स्वतः वर आले, पानं उलटून कुठे काय लिहिलंय ते समजावून सांगितलं आणि जाताना खुर्ची आत सरकवून गेले. चार महिन्यांनी त्यांनी नोकरी सोडली. या चार महिन्यांत मी जिना उतरताना झेरॉक्सच्या दारावरून मोबाईल कानाला लावून जायचो. पलीकडे कुणीही नसायचं.

बिराजदार सरांनी एकदा मला घरी बोलावलं. तोंड वाकडं झालं होतं, शब्द लडखडत होते. डाव्या हातानं लिहिलेली एक चिठ्ठी त्यांनी माझ्यापुढे केली. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी. ‘नसीरभाई, माझा राग नाही. मनाला लावून घेऊ नका. माणसाच्या हातून होतं.’

"तू... जवळचा," सर कसेबसे म्हणाले. "नेऊन दे."

खरं सांगायला याहून चांगली जागा पुन्हा मिळणार नव्हती. समोर ज्यांचं नुकसान केलं ते सर, खोलीत तिसरं कुणी नाही. मी "हो सर" म्हणालो, पाया पडलो आणि चिठ्ठी खिशात घातली.

नसीरभाई त्यांच्या घरच्या ओट्यावर कोथिंबीर निवडत बसले होते. "ये बेटा," म्हणाले, आत चहा सांगितला. मी चिठ्ठी दिली. त्यांनी एकदा वाचली, पुन्हा वाचली. नीट घडी घातली, हात लांब करून माझ्याच शर्टाच्या खिशात ठेवली आणि वरून हलकेच थोपटलं.

"ही माझ्या नावाची न्हाई."

मी रडलो. माफी मागितली, पुष्कळ मागितली. म्हणालो, उद्याच साहेबांना सांगतो. ते म्हणाले, "मला सांगून काय करतो? मला ठावंच हाय. ज्याला ठावं न्हाई त्याला सांग." चहा आला, आम्ही प्यायलो, लग्नाची तारीख त्यांनी विचारली. लग्नाला ते आले, आहेर करून जेवून गेले. ‘उद्या’चं त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही आणि मी तो कधी उजाडू दिला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी नसीरभाई गेले. क्लासमध्ये सकाळी सगळ्यांना हॉलमध्ये जमवून दोन मिनिटं उभं केलं. बिराजदार सरांनाही चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं. साहेब बोलले, चांगलं बोलले. नसीरभाईंनी हा विभाग उभा केला, म्हणाले, अशी माणसं आता मिळत नाहीत. मग जरा थांबून म्हणाले, "ती एक चूक सोडली, तर माणूस सोन्यासारखा."

हॉलमधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. सरांनी डावा हात डोळ्यांना लावला. मी पहिल्या रांगेत होतो. मीही मान डोलावली.