गोजरबाईची रामेश्वरची वाळू

हिंगोलीहून निघून आम्ही पुसेगावची अर्धी वाट तोडली असेल, तेव्हा गोजरबाई आणि चाँद पाशाचं जुंपलं. कशावरून, तर दोघांत टोकाला कोण जाऊन आलं यावरून.

चाँद पाशा आमच्या गावचा पिंजारी. लढाईत पलटणीबरोबर बसऱ्यापर्यंत गेला आणि नुकताच सुटून आला होता. गोजरबाईची बाजारतळाच्या कडेला फुटाण्याची भट्टी. तिनं लढाईच्या कितीतरी आधी रामेश्वर केलं होतं. मी मास्तरांची बायको. वाशीमला शिकले, लग्न होऊन पुसेगावला आले, एवढीच माझी धाव. बहिणीला हिंगोलीच्या स्टेशनावर गाडीत बसवून मी परतत होते, तर या दोघांनी मला पंच नेमलं.

"बसरा लई दूर हाय, मावशे," पाशा म्हणाला. "बोटीतून उतरलो तर खजुरीची झाडं आन् रेती, दुसरं काई न्हाई. आपल्या गावातून मावळतीला इतकं कुनी गेलं न्हाई."

गोजरबाई चालता चालता थांबली. "बसऱ्याच्या फुडं भुई हाय का न्हाई?"

"हाय की. लई हाय."

"मंग तू टोकाला कुठं गेलास? मधीच कुठंतरी उतरलास. म्या धनुष्कोडीला हुबी व्हते, तिथून फुडं पाय ठिवायला जागा न्हाई. ह्या अंगाला समिंदर, त्या अंगाला समिंदर. एक गरीब, एक खवळलेला. दोन्हीचं पानी चाखून पाहिलं."

"मंग?"

"दोन्ही खारट."

"आन् तिथून बोटीत बसलं की सिलोन येतं ते? आमच्या पलटणीत तिकडचा जवान व्हता."

"ती लंका. तिथं हनुमंत गेला, आपन न्हाई. ते धरायचं न्हाई."

मी निवाडा दिला की वाट पाशाची लांब, पण टोक गोजरबाईचं खरं. पाशा म्हणाला, "बराबर हाय. पंच बी बायकाच्या बाजूचे."

तुरी पिवळ्या फुलल्या होत्या. मला एक गोष्ट केव्हाची खटकत होती. संतराम, गोजरबाईचा मुलगा, हरभऱ्याची पोती घेऊन गाडीनं पुढं गेला होता. गाडीत आईला जागा होती, तिचे गुडघेही दुखत होते. तरी ती आमच्यासंगं पायी का निघाली?

विहिरीपाशी लिंबाच्या सावलीत आम्ही टेकलो. तिनं ओटीतून फुटाणे काढून दिले आणि मग हळूच विचारलं, "माघात तुमी परयागला निघालात म्हनं, बाई?"

"हो. सासूबाईंना न्यायचंय."

तिनं कमरेच्या पिशवीतून फडक्यात बांधलेला पितळेचा लहानसा गडू काढला. मांडीवर ठेवला, पण सोडला नाही.

गावच्या देशमुखांच्या म्हातारीबरोबर गोजरबाई स्वयंपाकाला म्हणून रामेश्वरला गेली होती. विधवा बाई, पदरात एक लेकरू, तिला कुठलं रामेश्वर? पण योग आला. सेतूवर नाहून तिनं मूठ मूठ करून वाळू घेतली. ती वाळू प्रयागच्या संगमात सोडायची, तेव्हा यात्रा पुरी होते, अशी रीत. पुढं म्हातारी वारली, भट्टी सुटेना, आणि गडूतली वाळू भिंतीतल्या देवळीतच राहिली.

"मंग एका पावसाळ्यात म्या भावाकडं हट्ट्याला गेले," गोजरबाई म्हणाली. "इकडं बाजार आला. कढईतली फुटाने भाजायची वाळू सरत आलती. कयाधूला पूर, नवी वाळू आनायची कुठून? सुनेनं, पेमानं, देवळीतला गडू पाहिला."

"आन् टाकली कढईत?" पाशानं विचारलं.

"टाकली. तिला वाटलं, सासूनं अडीनडीला चांगली बारीक वाळू राखून ठिवली. भट्टीवाल्याच्या घरात वाळू कशापायी असती? तिचं काय चुकलं? म्या आले तवर सारे फुटाने भाजून, विकून मोकळे."

पाशा हिशेब लावत बसला. "लढाईच्या आधीची गोष्ट ना ही? मंग म्या गावातच व्हतो. ते फुटाने म्या खाल्ले! म्हंजी मावशे, रामेश्वर माझं बी झालं!"

"तुझ्या एकट्याचं काहून? अख्ख्या गावाचं झालं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खूप हसली. मग तिनं मांडीवरच्या गडूवर हात ठेवला. "कढईतली गडूभर वाळू, कयाधूची मिसळलेली, म्या परत भरून ठिवली. पर आता ती देवाची का भट्टीची? कुनाला इचारायची लाज वाटती. माझे गुडघे काई आता परयागला पोचत न्हाईत. तुमी पोथी वाचता, बाई. तुमी सांगा, चालंल का?"

म्हणजे यासाठी ती पायी आली होती.

मी रोज देवापुढं दिवा लावते, पोथी वाचते, पण असल्या गोष्टीचं शास्त्र मला ठाऊक नाही. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि जे वाटलं ते बोलले. "गोजरबाई, वाळू विस्तवातून गेली. विस्तवानं कधी काही बाटतं का? उलट त्या वाळूनं गावाला खाऊ घातलं. मी नेते. पण आधी थोडी निवडून पाहू, तुमची समुद्राची ओळखू येईल."

फडक्यावर वाळू ओतली. सगळी काळी, सगळी सारखी. मी बोटानं चाळायला लागले. पाशाही वाकून एकेक कण उजेडाला धरून बघू लागला. एखादा पांढुरका निघाला की म्हणे, "ही पाहा, टोकाची!"

गोजरबाईनं थोडा वेळ पाहिलं. तिच्या मनावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. भाजून भाजून घट्टे पडलेला आपला हात तिनं माझ्या हातावर ठेवला.

"ऱ्हाऊ द्या, बाई. निवडू नका. सगळीच सोडा संगमात. कयाधूची असंल ती बी सोडा. तिला तरी कोन नेनार हाय तितक्या लांब?"