मुक्काम, कंपाउंडरचे घरी

अतिथी हा देव असतो, हे आमच्या आतोबांइतकं मनावर कुणी घेतलं नसेल. साताऱ्याकडच्या एका लहानशा संस्थानात ते सरकारी दवाखान्याचे कंपाउंडर होते, आणि तिथल्या रजिस्टराप्रमाणे त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी आठवड्याला तीस-चाळीस पाहुणे उतरत. आत्याला मात्र त्यातला एकही ठाऊक नव्हता.

त्याचं असं होतं. औषध फुकट मिळे, पण ते संस्थानच्या रयतेला, संस्थानच्या नोकरांना आणि नोकरांच्या घरी मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांना. ओढ्यापलीकडे खालसा, म्हणजे इंग्रजांचा मुलूख. तिकडच्या माणसाला ताप आला, तर त्यानं इंग्रजांच्या दवाखान्यात जावं. तो बारा मैलांवर होता. आतोबांना नियमांबद्दल फार आदर. नियम मोडायचं त्यांच्या मनातही येत नसे; ते फक्त शेवटच्या कलमाकडे जरा जास्त लक्ष देत. पलीकडचा कुणी रिकामी बाटली घेऊन आला, की चष्म्यावरून बघत आणि लिहीत, ‘मुक्काम, कंपाउंडरचे घरी. कारण, यमाईचे दर्शन.’ मग बाटलीवर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवताना बजावत, “पाहुणे, बूच घट्ट लावा.” एका पायानं अधू म्हाताऱ्याला त्यांनी महिन्यात चार वेळा यमाईच्या डोंगरावर चढवलं होतं.

एकदा दरबारचे साहेब तपासणीला आले. रजिस्टर चाळून म्हणाले, “कंपाउंडर, एवढी माणसं झोपतात कुठं?”

“दाटीवाटीनं,” आतोबा म्हणाले.

नोकरीच जायची वेळ होती. बाकावर पलीकडची गौराबाई हिवतापानं कुडकुडत बसली होती. तिच्या बाटलीत अजून तापावरचं कडू कोयनेल पडलं नव्हतं. साहेब तिच्याकडे वळले. “बाई, हे तुमचे कोण लागतात?”

“आवं, ताप न्हाई तवा कुनी न्हाई. ताप आला की भाऊ लागत्यात.”

साहेबांनी घरच बघायचं ठरवलं. आतोबा पुढे झाले. ओढ्याशी आल्यावर त्यांनी धोतर वर खोचलं. “घर पलीकडे आहे, साहेब. जागा मिळाली तिथं राहतो.” पाण्याच्या कडेला हद्दीचा दगड होता, आणि साहेबांचा अंमल तिथंच संपत होता. त्यांनी पुढे टाकलेला पाय मागे घेतला. मग परत येऊन त्यांनी शेरा मारला, ‘पाहुणे हद्दीबाहेर. तपासता आले नाहीत.’ गौराबाईची बाटली भरली गेली.

पुढं संस्थानं विलीन झाली. मुलूख एक झाला, रजिस्टरातला मुक्कामाचा रकाना गेला. आतोबा मात्र सवयीनं कधी कधी विचारत, “मुक्काम?” आणि लोक आपापल्या गावाचं नाव सांगत. ते त्यांना थोडं लागायचं. भरल्या घरातून मंडळी उठून गेल्यासारखं.

हद्दीचा दगड अजून ओढ्याच्या कडेला आहे. आत्या त्यावर कपडे धुते.