फौजदाराची शिंक

घरातून बाहेर पडायला आमच्या धाकट्या भावजींना जेवढा वेळ लागतो, तेवढ्यात काळी नदी सुप्याहून निघून समुद्राला मिळते. मी या घरात सून म्हणून आले तेव्हापासून हे बघते आहे, आता नातीची आजी झाले, आणि सुधारणा होईल ही आशा मी कधीच चुलीत घातली आहे. माणूस आळशी म्हणावा तर तसंही नाही. पहाटे उठतात, आंघोळ करतात, देवाला उदबत्ती लावतात, पांढरा सदरा घालतात, भर उन्हाळ्यातही छत्री काखेत मारतात आणि उंबऱ्याशी येऊन उभे राहतात. तिथं कान टवकारतात. आसपास कुणी शिंकलं नाही याची खात्री पटली तर उजवा पाय बाहेर. शिंकलं, तर छत्री कोपऱ्यात, चपला बाजूला, तांब्यातलं घोटभर पाणी पोटात आणि स्वतः पायरीवर. "घडीभर बसतो न् निघतो, वैनी," असं मला खिडकीतून सांगायचं. आमची दोन्ही घरं एका भिंतीला चिकटलेली. माझ्या स्वैपाकघराच्या खिडकीतून त्यांचा उंबरा दिसतो, त्यामुळे त्यांची घडी किती लांब असते हे मला पक्कं ठाऊक आहे. तेवढ्यात माझा भात शिजून, निवून, जेवूनसुद्धा होतो.

मी लग्न होऊन खानापुराकडून या मुलखात आले तेव्हा सातवी पास होते, आणि जगात शिकण्यासारखं आता काही उरलेलं नाही असं माझं मत होतं. ट्रंकेत साडीच्या घडीत गुलाबाचं फूल भरलेला एक रुमाल होता. शिंक आली की तो नाकाशी धरून मी मांजरीच्या पिलासारखं 'छिक्' करत असे. इथल्या बायका पातेलं पडल्यासारख्या शिंकतात, आपलं तसं नाही, हे सासरी कळावं म्हणून. कुणाला काही कळलं नाही. सासूबाईंनी थोड्याच दिवसांत तो रुमाल चक्का बांधायला घेतला. तर या विदुषीनं भावजींना विज्ञान शिकवायचं मनावर घेतलं. नाकात धूळ गेली की ती बाहेर टाकायला शरीर शिंक आणतं, त्यात शकुन नाही न् अपशकुन नाही, असं मी हाताची घडी घालून धडा म्हटल्यासारखं सांगितलं. त्यांनी मान हलवत शेवटपर्यंत ऐकलं आणि अगदी आदरानं म्हणाले, "व्हय वैनी, धूळच गेली असंल. पण ती आत्ताच का गेली?" या प्रश्नाचं उत्तर सातवीच्या पुस्तकात नव्हतं. मला अजूनही सापडलेलं नाही.

दुर्दैव असं की घरात शिंका जास्त मलाच. धरणाचं पाणी चढू लागलं आणि आमचं सुप्याकडचं जुनं गाव सोडायची वेळ आली, तेव्हा ट्रकात देव चढले, पाटा-वरवंटा चढला, कोंबड्यांचा डालगा चढला, डालग्यावर सासूबाई चढल्या. ट्रक सुरू झाला, धुरळा उडाला आणि मी 'छिक्' केलं. भावजी टुणकन खाली उतरले आणि रिकाम्या घराच्या पायरीवर जाऊन बसले. "पाणी चढाय अजून अवकाश हाय," म्हणाले. मामंजींनी त्यांना बखोटीला धरून ट्रकात घातलं. त्यांच्यासाठी मुली बघायला निघायचं, तेव्हाही तेच. सकाळची घाई, माझी फोडणी, मिरचीचा खकाणा आणि माझं हे नाजूक नाक. दर वेळी भावजी पायरीवर, आणि तिकडं मुलीकडचे पोहे थंड. शेवटी लोकांनी वाट बघायचीच सोडली आणि भावजी एकटे राहिले ते राहिलेच. मला त्यांनी कधी बोल लावला नाही. "तुमच्या शिंकेनं कुणाची तरी पोरगी वाचली बगा, वैनी," एवढंच हसून म्हणत.

मग एका पावसाळ्यात गणेशगुडीच्या रस्त्यावर भिजत पडलेलं एक पिल्लू ते सदऱ्यात गुंडाळून घेऊन आले. ते दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी केल्याशिवाय कुणाला सोडत नसे, म्हणून त्याचं नाव फौजदार. आमचं गाव बिबट्याच्या येण्याजाण्याच्या वाटेवर. इथली कुत्री सहसा म्हातारी होत नाहीत. फौजदार मात्र झाला, कारण रात्री तो भावजींच्या खाटेखाली झोपायचा आणि आत येताना कडी लागली की नाही हे दोघं मिळून बघायचे. जगाशी जेवढं बोलत नसतील तेवढं भावजी त्याच्याशी बोलत. जेवण झालं का म्हणून विचारलं, तर उत्तर यायचं, "आमी जेवलो." एकट्या माणसाचं हे 'आमी' ऐकलं की मी उगीच भांडी आपटत असे.

गेल्या दिवाळीनंतर फौजदार शिंकू लागला. साधी शिंक नव्हे. मान खाली घालून, कान फडफडवून, नाक जमिनीवर आपटून एकामागून एक. आता प्रश्न असा पडला की कुत्र्याची शिंक धरायची की सोडायची. मी खिडकीतून निकाल दिला, "मुक्या जनावराची शिंक धरत न्हाईत, भावजी." त्यांनी छत्रीच्या टोकानं मातीत रेघा ओढल्या आणि म्हणाले, "घरचं अन्न खातोय त्यो घरचाच की वैनी. त्याची कशी सोडायची?" झालं! त्या दिवसापासून भावजींचं घराबाहेर पडणंच संपलं. रेशन राहिलं, गिरणी राहिली, रामनगरचा बाजार राहिला. एक शिंकतोय, दुसरा बसतोय.

कारणं मात्र गावानं ढिगानं पुरवली. मी म्हणाले, चुलीपुढच्या राखेत झोपतोय, धूर बाधत असेल. भावजींनी त्याची गोणपाटाची गादी मागच्या बंदिस्त पडवीत नेली आणि त्याला एकटं वाटू नये म्हणून स्वतःची खाटही. कुणी म्हणालं, उदबत्तीचा वास. देवाची उदबत्ती अंगणात तुळशीपाशी गेली, देव बिनवासाचे राहिले. कुणी म्हणालं, गवताचं कुसळ नाकात अडकलं असणार. कुणी म्हणालं, ओढ्याचं पाणी पितो, नाकात जळू शिरली असेल, नाकापुढं पाण्याची वाटी धरा म्हणजे पाण्याच्या ओढीनं बाहेर येते. आमच्या रानात हे खरंच होतं. भावजी एक अख्खी दुपार वाटी धरून त्याच्यापुढं बसले. जळू काही आली नाही. फौजदारानं वाटीतलं पाणी पिऊन टाकलं, भावजींनी पुन्हा भरली, त्यानं पुन्हा प्यायलं. संध्याकाळी मी विचारलं, "काय निघालं?" तर म्हणाले, "तहान निघाली."

माझी नात धारवाडला शेतकी कॉलेजात शिकते, तिथं जनावरांचंही शिकवतात. तिला फोन करायला पाण्याच्या टाकीपर्यंत चढावं लागतं, कारण नेटवर्क फक्त तिथं. मी गुडघे धरत चढले. ती म्हणाली, "आजी, म्हाताऱ्या कुत्र्याच्या शिंकेचं एकच कारण नसतं गं. धूर, धूळ, कुसळ, नाकातली बुरशी, काहीही असतं. पण वरच्या दाढेचं मूळ सडलं तरी ते नाकात उतरतं. तोंडाला वास येतो का? एका बाजूनं चावतो का? आणि एकाच नाकपुडीतून पाणी येतं का, ते बघ." "आणि येत असलं तर?" ती म्हणाली, "आत गाठसुद्धा असू शकते. घरी औषधं करू नका, डॉक्टरकडं न्या." खाली येऊन मी फौजदाराचं तोंड उघडलं. वास असा, की मला माझा तो गुलाबाचा रुमाल आठवला. भाकरी तो उजव्याच बाजूनं चावत होता. पाणी डाव्या नाकपुडीतून.

आता जोयड्याला, गुरांच्या डॉक्टरकडं न्यायचं हे नक्की झालं. आणि इथं माझ्या कपाळावर हात मारायची वेळ आली. ज्याची शिंक थांबवायला डॉक्टरकडं जायचं, तोच निघताना शिंकणार, आणि तो शिंकला की हे बसणार! रान बघायला येणाऱ्यांसाठी गावाबाहेर एक लॉज आहे, त्याची जीप पाहुण्यांना घेऊन सकाळी जोयड्याला जाते. ड्रायव्हर ओळखीचा. तो दारात हॉर्न वाजवायचा, भावजी फौजदाराला काखेत घ्यायचे, उंबऱ्याशी यायचे, आणि 'फ्फत्!' ड्रायव्हर ओरडायचा, "अण्णा, येतासा काय न्हाई?" "घडीभर थांब की रं!" "पाहुणे गाडीत बसल्यात अण्णा, त्येंची घडी माझ्या मालकाकडं हाय!" जीप जायची. एकदा मी अक्कल लढवली. फौजदाराचं नाक पदरानं हलकेच धरून ठेवलं आणि म्हणाले, "निघा आता, पाय उचला!" फौजदार शिंकला नाही. भावजींनी पाय उचलला. जीपनं मागं वळताना धुरळा उडवला आणि मी शिंकले. आता 'छिक्' वगैरे राहिलेलं नाही. पातेलं पडल्यासारखी शिंकले. भावजींनी उचललेला पाय परत आत ठेवला. मी तिथंच पायरीवर बसले आणि रडावं की हसावं ते न कळून दोन्ही केलं. फौजदारानं माझं तोंड चाटून घेतलं.

चैत्रात एका सकाळी त्यांच्या उंबऱ्यावर रक्ताचे थेंब दिसले. फौजदार थेंबांशेजारी नाक टेकून पडला होता. जीपचा हॉर्न वाजला. भावजींनी त्याला उचलून छातीशी धरलं. न छत्री, न चपला. उंबऱ्याशी आले आणि फौजदार शिंकला. पांढऱ्या सदऱ्यावर लाल ठिपके उठले. मी सवयीनं पाण्याचा तांब्या भरून घेतला होता. ड्रायव्हरनं हॉर्नवरचा हात काढून घेतला. भावजींनी उंबऱ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "वैनी," म्हणाले, "आता बसून कुठं जाऊ?" आणि बाहेर पडले. पाय डावा होता. मी तांब्या तसाच हातात घेऊन जीपमध्ये चढले.

डॉक्टर तरुण होता, कानडी वळणाची मराठी बोलणारा. वरची दाढ बघून म्हणाला, "हे पूर्ण सडलंय अज्जा, काढतो." मग डोळ्याखालची सूज बोटानं बराच वेळ चाचपत राहिला. "दाताचंच असलं तर बरं होईल. आत गाठ असली, तर या वयात…" पुढचं त्यानं हात धुताना नळाला सांगितलं. भावजींनी विचारलं, "डाक्टर, मी आधी आलो असतो तर?" डॉक्टर म्हणाला, "दात आधी निघाला असता, एवढा त्रास झाला नसता. गाठ असेल तर ती काय कुणाला थांबणार, अज्जा?" परत येताना फौजदार सारी वाट शिंकत आला. भावजींनी एकदाही गाडी थांबवायला सांगितली नाही. त्यांचा हात त्याच्या कानावर होता आणि बघत होते ते समोरच्या रस्त्याकडं.

दाढ निघाल्यावर थोडे दिवस चांगले गेले. त्यानं बांगड्याची डोकी खाल्ली, जीपच्या ड्रायव्हरची चौकशी केली. पावसाच्या तोंडावर रक्त पुन्हा आलं. गाठच होती. भाताला लोंब्या धरायच्या सुमाराला भावजींनी त्याला परसातल्या फणसाखाली पुरलं आणि त्या संध्याकाळी जेवलात का विचारल्यावर म्हणाले, "जेवलो." नुसतं 'जेवलो'. मी त्या दिवशी भांडी आपटली नाहीत.

आता त्यांना बाहेर पडायला काहीच अडचण नाही. सदरा, छत्री, चपला, सगळं वेळेवर. उंबऱ्याशी येऊन उभे राहतात आणि उभेच राहतात. कुणी शिंकत नाही. रस्ता मोकळा आहे, पण पाय उचलत नाही. घरात परत जायला कारण नाही, बाहेर जायलाही नाही. खिडकीतून किती दिवस बघणार? मग मी चुलीत एक लाल मिरची टाकते. खकाणा उठतो, डोळ्यांना पाणी येतं आणि मी अशी शिंकते की परसातल्या कोंबड्या पळतात.

छत्री कोपऱ्यात जाते, चपला बाजूला होतात. भावजी माझ्या दाराच्या पायरीवर येऊन बसतात. मी चहाची बशी पुढं करते. "धूर लागला जणू, वैनी?"

"व्हय, धूरच. बसा घडीभर."

ते बशीत फुंकर घालतात. फणसाकडं बघत, अगदी आदरानं विचारतात, "पण त्यो रोज आत्ताच का लागतोय?"