तुमी बोलू नका की

मी सोलापुरातल्या शुक्रवार पेठेत वाढलो. मास्तर झालो तेव्हा पहिलीच नेमणूक भीमेच्या दोन फाट्यांमधल्या एका बेटावर मिळाली. पन्नासेक उंबरे आणि देवळाच्या ओसरीत शाळा. पावसाळ्यात नदी चढली की होडी नसे. गूळ करायच्या मोठ्या काहिलीत बसून माणसं पलीकडे जात.

पहिल्याच आठवड्यात एक धनगर आपल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आला.

"हिला ऐकू येत न्हाय. बोलत बी न्हाय. बाकी समदं ठीक हाय."

"मग मी बोललेलं तिला कळणार कसं?"

त्यानं थोडा विचार केला. "तुमी बोलू नका की."

ट्रेनिंगमध्ये हे कुणी शिकवलं नव्हतं. मी पाटीवर शेळी काढली आणि खाली 'शेळी' असं लिहिलं. तिनं माझं चित्र पुसून खरी शेळी काढली. शब्द तेवढा राहू दिला. मला राग आला, पण तिची शेळी चांगली होती. पुढं तसंच चाललं. चित्र तिचं, शब्द माझा. बाकीची पोरंही खुणा शिकली. वर्गात बोलणं इतकं कमी झालं, की एकदा पुजारी विचारायला आला, आज सुट्टी हाय काय.

श्रावणात तपासणीला साहेब आले. काहिलीत ते कंबरेपर्यंत भिजले होते. त्यांनी मुलीला तीन प्रश्न विचारले, तिसरा मोठ्यानं.

"मुलगी मंद दिसते. नाव कमी करा."

मी पाटीवर 'काय दिसतं?' असं लिहून पाटी तिच्या हातात दिली. तिनं साहेबांकडे नीट पाहिलं आणि लिहिलं, 'साहेब ओला.'

साहेबांनी पाटी हातात घेऊन वाचली.

"ओले," ते म्हणाले. "आदरार्थी बहुवचन शिकवा."

नाव राहिलं.

दोन वर्षांनी माझी सोलापुरात बदली झाली. नव्या मास्तरांना मी सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. दिवाळीनंतर एक पोस्टकार्ड आलं: 'शाळेत नाव नाही. घरी लिहिते.' अक्षर तिचंच होतं. मी नव्या मास्तरांना पत्र टाकलं, त्याचं उत्तर आलं नाही. मग मी तिलाच लिहू लागलो, आठवड्याला पाच नवे शब्द, बापाच्या पत्त्यावर. तिचं लग्न होईपर्यंत चार वर्षं हे चाललं. पोस्टमन काहिलीत बसत नसे, म्हणून पावसाळ्यात पत्रं नदीपलीकडं अडकून पडत, आणि दसऱ्याच्या सुमारास तिची उत्तरं एकदम येत. वाचायला मला एक रविवार पुरत नसे.