मामांचं नाक

त्या व्यापारी इमारतीत बेचाळीस दुकानं होती आणि बेचाळीसही दुकानांत उंदीर. त्यांना विष घालणारा माणूस मात्र एकच. सगळे त्यांना मामा म्हणत. विष काय, कुणीही घालील. विष खाऊन उंदीर भिंतीत, छताच्या फळ्यांवर, कुठेतरी जाऊन मरतो आणि चार दिवसांनी दुकानात उभं राहवत नाही. तेव्हा त्याला हुडकणं हे खरं काम. मामा यायचे, डोळे मिटून दोनदा श्वास घ्यायचे आणि बोट दाखवायचे. सुतार तेवढीच फळी काढायचा. सव्वीस वर्षांत एकही फळी फुकट उचकटली नव्हती.

गेल्या वर्षीच्या तापात मामांचं नाक गेलं, कसलाच वास येईना. ते कुणाला बोलले नाहीत. नाकावरच तर पोट होतं. माशा कुठे घोंगावतात, गिऱ्हाईक कुठे तोंड फिरवतं, हे बघून ते वेळ मारून नेत.

आज बुटांच्या दुकानात काचा बंद होत्या, थंड हवा सुरू. माशी औषधालाही नव्हती. मालकीणबाई नाकाला रुमाल लावून गल्ल्यावर बसल्या होत्या.

"मामा, लवकर बघा हो. माणसं दारातूनच परत जातायत."

मामांनी श्वास घेतला. आत नुसता गारवा आला. त्यांनी आरशाकडे बोट केलं. सुतारानं आरसा उतरवला, मागे कोरी भिंत.

"मेल्यावर चालायला लागला का काय हा?" बाई म्हणाल्या.

मामांनी छत दाखवलं. फळी निघाली. सगळी धूळ नव्या बुटांवर.

सुतार शिडी उतरला आणि मामांकडे बघत राहिला. मामा ज्या बाकाला टेकून उभे होते, त्याच्याखाली वाकून त्यानं फुगलेला उंदीर शेपटीला धरून बाहेर काढला.

बाई गल्ल्यावरून उठून मामांजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "राहू द्या मामा. उद्यापासून उंदीर मारणाऱ्या कंपनीची माणसं येतील. इमारतीत सगळ्यांचं तसं बोलणं चाललंच होतं."

मामांनी उंदीर पिशवीत बांधला, मागच्या कचऱ्यात टाकला. सुतार नळापाशी थांबला होता.

"कधीपासून?"

"तापापासून."

"वहिनींना माहीत आहे?"

"ती रोज विचारते, भाजी कशी झालीय. मी म्हणतो, छान."

मामांनी साबण लावून हात धुतले आणि ओलेच त्याच्यापुढे धरले.

"गेला का बघ."

सुतारानं वाकून हुंगलं. "अजून आहे."

मामांनी पुन्हा साबण घेतला.